अस्सल कोण, संकरित कोण?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून लोक पांगले, तसा महाविद्यालयात शिकणारा एक तरुण चर्चच्या पडवीत मजजवळ आला. हातातील मोबाइलवर त्याने एका सापाचे छायाचित्र दाखविले. नारिंगी अंग, त्यावर तांबडे ठिपके; साप देखणा होता खरा! "फादर, हा अमेरिकेतला कॉर्न स्नेक. पिंजऱ्यातच जन्मलेला, बिनविषारी. विकणारा म्हणतो, अगदी अस्सल आहे, म्हणून दामही दुप्पट. माझा मित्र म्हणतो, यात किंगस्नेकचे रक्त आहे. ओळखायचे कसे?"

मी काही प्राणिशास्त्रज्ञ नव्हे; तथापि वाचनाचा नाद जुना, त्यामुळे ठाऊक होते तेवढे सांगितले. कॉर्न स्नेकच्या पाठीवरील खवल्यांना मधोमध पुसटशी धार असते. किंगस्नेकचे खवले गुळगुळीत असतात. पहिल्याच्या गुदद्वारावरचा खवला दुभंगलेला, तर दुसऱ्याचा अखंड. शिवाय डोक्याची ठेवण आणि ठिपक्यांची मांडणीही निराळी. या दोहोंचा संकर होतो आणि त्या संकरित सापांनाही पुढे पिल्ले होतात, हीच खरी अडचण आहे. पहिल्या पिढीत दोन्हीकडच्या खुणांची सरमिसळ जाणत्या डोळ्याला बहुधा दिसते. परंतु तिचा मेळ पुनःपुन्हा कॉर्न स्नेकशीच घातला, तर परके रक्त दर पिढीस सरासरी निम्म्याने घटत जाते. अर्धा, चतुर्थांश, अष्टमांश असे करीत पाचव्या पिढीत तो हिस्सा बत्तिसावा उरतो. मग छायाचित्र पाहून निवाडा करणे कोणाच्याही आवाक्यातले राहत नाही.

तरुणाचे समाधान झाले नाही. तेव्हा मी म्हटले, "चल, आपल्या भोपाळातच या प्रश्नाचे मोठे रूप पाहता येईल." त्याच सायंकाळी आम्ही मोठ्या तलावाच्या काठी वनविहारात गेलो.

सुमारे 445 हेक्टरांचे हे वन 1983 साली राष्ट्रीय उद्यान झाले. प्राणिसंग्रहालय आणि संकटग्रस्त श्वापदांचे आश्रयस्थान, असे त्याचे दुहेरी काम आहे. सर्कशीत सिंह, वाघ, अस्वले इत्यादींचे खेळ करण्यास केंद्र सरकारने 1998 साली बंदी घातली, तेव्हा सोडविलेल्या सिंहांसाठी देशात जी केंद्रे योजिली गेली त्यांत भोपाळही होते. सर्कशीतल्या सिंहांची वंशावळ कोण ठेवणार? आफ्रिकेतला नर आणि गीरच्या वंशातली मादी शेजारच्या पिंजऱ्यांत राहिली, बछडे झाले, खेळ चालू राहिला. हिशेब कोणी मांडला नाही.

वाचकहो, या बेहिशेबीपणाचे फळ काय झाले ते पाहा. चंडीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात गतशतकाच्या नवव्या दशकात गीरच्या वंशाचे सिंह आणि सर्कशीतले आफ्रिकी वंशाचे सिंह यांची प्रजा वाढू लागली. सिंहांची संख्या सत्तरीपलीकडे गेली. परंतु जवळच्या नात्यात संबंध घडत गेल्याने पुढची प्रजा दुबळी निपजली, रोगांना बळी पडू लागली. अखेर 2000 सालाच्या सुमारास ही पैदास बंद करण्यात आली. उरलेल्या सिंहांनी आयुष्य कुंपणाआड कंठले, आणि त्यांत अपराध मात्र त्यांचा काडीचाही नव्हता.

अमेरिकेसारख्या संपन्न देशातही हेच घडले. तेथील प्राणिसंग्रहालयांनी आशियाई सिंहाचा वंश राखण्याचा कार्यक्रम मोठ्या काळजीने चालविला होता. 1987 साली स्टीफन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील प्रथिने तपासली, तेव्हा या वंशाच्या पाच मूळ पुरुषांपैकी दोन आफ्रिकी वळणाचे असल्याचे उघड झाले. वर्षानुवर्षांचे श्रम एका तपासणीने उताणे पडले!

मग डोळ्यांना काहीच दिसत नाही काय? दिसते, परंतु पुरते नव्हे. गीरच्या सिंहाच्या पोटाखाली कातडीची एक लांब घडी असते. आयाळ बेताची असल्याने कान उघडे दिसतात. शेपटीचा गोंडा भरदार, कोपरावरील केसांचा झुबका दाट. पण ही घडी क्वचित आफ्रिकी सिंहातही आढळते, आणि आयाळ तर हवामान व वय यांनुसारही कमीअधिक होते. म्हणून आज निवाडा दोन साक्षींवर होतो. पहिली वंशनोंदवही : बाप कोण, आई कोण, जन्म केव्हा. दुसरी डीएनएची तपासणी, जी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत होते. यातही सावधगिरी हवी. डीएनएचा एक भाग केवळ आईकडून येतो. तेवढाच तपासला तर बापाकडून आलेली भेसळ निसटून जाते. याकरिता अनेक ठिकाणच्या खुणा एकत्र ताडून पाहाव्या लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण गीर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश सोडला, तर हा सिंह रानात अन्यत्र कोठेही उरलेला नाही. 2025 च्या गणनेत त्यांची संख्या 891 भरली. 1863 साली स्थापन झालेल्या जुनागढच्या सक्करबागेत त्याचा वंश नोंदीनिशी जपला जातो, आणि तेथूनच 2024 च्या डिसेंबरात सिंहांची एक जोडी आपल्या वनविहारात आली. मात्र येथेही गर्वाला जागा नाही. 2017 साली तज्ज्ञांनी मार्जारकुळाची फेरमांडणी केली, तेव्हा भारतातला सिंह आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेतला सिंह एकाच उपजातीत घातला गेला. शुद्धतेच्या रेषा आपण आखतो, आणि ज्ञान वाढले की त्या आपल्यालाच पुसाव्या लागतात. त्या रेषांचा उपयोग एखादा दुर्मीळ वंश राखण्यापुरता. एकाला उच्च आणि दुसऱ्याला हीन ठरविण्यासाठी नव्हे. संकरित सिंहालाही भूक, वेदना आणि ऊन लागतेच.

परतताना तरुण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, त्या विकणाऱ्याकडे आईबापांची नोंद मागतो." दोन दिवसांनी तो सांगत आला : नोंद नव्हती, आणि प्रश्न विचारताच दाम निम्म्यावर आला! मी म्हटले, "बाळ, दाम उतरला, पण साप तोच राहिला ना? तो वीस वर्षे जगू शकतो. तेवढी वर्षे त्याला ऊब, अन्न आणि जागा देशील काय?" त्याने बेत सोडला.

पालकांनो, आपल्या घरीही असा हट्ट होईल, तेव्हा दोन गोष्टी ध्यानात असू द्या. नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे रानटी साप पकडणे वा घरात पाळणे हा कायद्याने गुन्हा आहे. आणि परदेशी प्राणी घ्यावयाचाच झाला, तर कायद्याने लागणारे कागद आणि आईबापांची नोंद आधी पाहावी, मगच रंग पाहावा. जातीची खात्री करून घेण्यापूर्वी त्या जिवाला जन्मभर सांभाळण्याची आपली तयारी आहे काय, याची खात्री ज्याने त्याने करून घ्यावी.