हजार रुपयांतली गॉब्लिन गँग

पत्ते म्हटलं की काय आठवतं? मे महिन्याच्या सुट्टीतला बदाम सात, गणपतीच्या मांडवामागे रात्रभर रंगणारी रमी, फार तर नव्वदच्या दशकातली डब्ल्यूडब्ल्यूएफची कार्डं. पण बॉस, पत्त्यांची आणखी एक भन्नाट दुनिया आहे. तिथे प्रत्येक जण आपला कॅट स्वतः जुळवून आणतो आणि समोरच्याला भिडतो. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हे त्या दुनियेचं नाव. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तयार केलेला हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला आणि ट्रेडिंग कार्ड गेमचं वेड जगभर पसरलं.

नियम थोडक्यात सांगते. दोघांकडे प्रत्येकी २० लाइफ. समोरच्याचे २० शून्यावर आणले की तुम्ही जिंकलात. डेक किमान ६० पत्त्यांचा. साध्या जमिनी सोडल्या, तर एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते. दर टर्नला एक जमीन मांडायची, तिच्यातून ‘माना’ मिळतो आणि तो खर्चून बाकीचे पत्ते खेळायचे.

आता खरी गोम. काही दुर्मीळ पत्त्यांचा एकेक नग हजारोंच्या घरात जातो. मग ज्याचा खिसा मोठा, तोच जिंकणार का?

हा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो भवानीनगरहून. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं हे छत्रपती साखर कारखान्याचं गाव, जिकडे बघाल तिकडे ऊस. तिथला माझा मामेभाऊ अकरावीला रोज एसटीने बारामतीला जातो. कॉलेजातल्या दोस्तांनी त्याला मॅजिकचा नाद लावला. पण इकडून तिकडून जमवलेल्या पत्त्यांनी तो दर वेळी हरायचा. शेवटी त्याने खेळणंच सोडलं; दोस्त खेळायचे आणि हा बाजूला बसून बघायचा. त्यात मामाच्या लेखी पत्ते म्हणजे जुगार. दिवाळीत मामा मला म्हणाला, “हे बघ, हजार रुपये देतो. एकदाच! काय बसवायचं ते यात बसव. नाहीतर पुन्हा या घरात पत्त्यांचं नाव काढायचं नाही.”

भाऊ लगेच म्हणाला, “ताई, बूस्टर पाकिटं घेऊ या!” मी म्हटलं, अजिबात नाही. पाकिटात काय निघेल हे फोडल्याशिवाय कळत नाही. तो मार्ग धरला असता, तर मामाचंच म्हणणं खरं ठरलं असतं! बजेट डेकचा पहिला फंडा हाच: हवे तेवढेच पत्ते सुटे घ्यायचे.

दुसरा फंडा वेगाचा. महागड्या डेकची ताकद बऱ्याचदा पाचव्या-सहाव्या टर्नला दिसते. तोवर खेळच संपवला तर? १९९६ मध्ये अटलांटातल्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय हा खेळाडू कुणी ढुंकूनही बघणार नाही अशा स्वस्त लाल पत्त्यांवर दुसरा आला होता. डेक रचला होता जे श्नायडरने. दर टर्नला हातातला सगळा माना वापरायचा आणि हल्ला थांबवायचा नाही, एवढंच त्याचं सूत्र. आजही अशा डेकला ‘स्लाय’ म्हणतात.

तिसरा फंडा थीमचा. आम्ही निवडले गॉब्लिन: लाल रंगाचे, बुटके, आगाऊ आणि मरायला तयार! आणि यातले कामाचे बरेचसे पत्ते ‘कॉमन’ असतात. फक्त कॉमन पत्त्यांवर खेळायचा ‘पॉपर’ नावाचा प्रकारही आहे, २०१९ पासून तो कागदी पत्त्यांसाठीही अधिकृत आहे. आमचा हिशोब असा: २६ गॉब्लिन, १६ हल्ल्याचे पत्ते आणि १८ माउंटन, म्हणजे लाल माना देणाऱ्या जमिनी. सुरुवातीला हातात येणाऱ्या सात पत्त्यांत सरासरी दोन माउंटन येतात. एकेका मानाच्या पत्त्यांना तेवढे पुरतात.

सात पत्ते मनासारखे आले तर काय होतं बघा. पहिल्या टर्नला फाउंड्री स्ट्रीट डेनिझन. दुसरा लाल प्राणी आला की त्या टर्नपुरती याची ताकद एकने वाढते. दुसऱ्या टर्नला मॉग वॉर मार्शल. हा सोबत एक छोटा गॉब्लिन घेऊन येतो. दोन नवे आले, म्हणून डेनिझनचा मार तीनचा. समोरच्याचे उरले १७.

गंमत पुढेच आहे. मार्शलचा दुसरा हप्ता पुढच्या टर्नला भरावा लागतो, नाहीतर तो मरतो. पण मरताना आणखी एक छोटा गॉब्लिन देऊन जातो. म्हणून हप्ता बुडवायचा! (“हप्ता बुडवायचा?” मामाने पेपरातून डोकं वर काढलं. उसाच्या बिलावर चालणाऱ्या घरात हा विनोदाचा विषय नाही.) वाचलेल्या मानातून गॉब्लिन बुशव्हॅकर आणायचा. जादा माना दिला की तो सगळ्यांची ताकद एकने वाढवतो आणि नव्यांनाही लगेच हल्ला करू देतो. कुणी अडवलं नाही, तर चौघांचा मिळून मार दहाचा. उरले सात. शेवटच्या मानावर गॉब्लिन ग्रेनेड: आपला एक गॉब्लिन बळी द्यायचा, थेट पाचचा फटका. तिसऱ्या टर्नला समोरचा दोनवर! पुढच्या टर्नला तीनचा फटका देणारा लाइटनिंग बोल्ट आला की विषय संपला.

दर वेळी एवढं जमत नाही, हेही सांगते. कुठल्याही पत्त्याचे चार नग ठेवले, तरी पहिल्या सातांत त्यातला एखादा तरी येण्याची शक्यता सुमारे ४० टक्केच. शिवाय समोरच्याने एका पत्त्यात सगळी गँग झाडून काढली, तर आपला हात रिकामा. म्हणून दोन-तीन गॉब्लिन हातात राखून ठेवायला शिकावं लागतं. ही अक्कल कुठल्याच पाकिटात मिळत नाही.

पत्ते मागवण्याआधी आठवडाभर आम्ही नेहमीच्या पत्त्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावून खेळलो. अधिकृत स्पर्धेत असं चालत नाही, घरी बिनधास्त चालतं. निम्म्या कल्पना तिथेच बाद झाल्या, पैसे वाचले. मामाही रोज रात्री शेजारी येऊन बसायचा, “फक्त हिशोब बघायला.”

भाऊ आता दर शनिवारी बारामतीत खेळतो. कधी जिंकतो, कधी हरतो, पण बाजूला बसून बघत नाही. महागड्या डेकवाले दोस्त त्याच्यासमोर पहिल्या टर्नपासून सावध असतात.

आणि हो, तुम्हीही डेक बांधणार असाल, तर माउंटन विकत घेण्याआधी एखाद्या जुन्या खेळाडूला विचारा. त्याच्या घरी ढिगाने पडलेले असतात!