त्रेचाळीस दात, आठ दात

जुन्या विलीज जीपखाली वाकून पाहिलं, तर मागच्या एक्सलवर एक फुगीर गोल भाग दिसतो. ते डिफरन्शियलचं हाउसिंग. आत तेलात बुडालेली दोन मुख्य चाकं असतात: क्राऊन आणि पिनियन. पिनियनला ८ दात, क्राऊनला ४३. पिनियनला फिरवणारा शाफ्ट ५.३८ फेरे फिरला की मागची चाकं एक फेरा फिरतात. मनोरहून विक्रमगड, जव्हार, मोखाडा करत तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर आणि त्याला फुटणाऱ्या पाड्यांच्या वाटांवर जीप कशी टिकली, याचं बरंचसं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

या जीप धावत होत्या त्याच काळात इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी एमजीच्या दोन आसनी स्पोर्ट्‌स गाड्या बनत. एमजी टीडीच्या दातांचं गणित होतं ४१ ला ८, म्हणजे ५.१२५. इंजिन लहान, जेमतेम साडेबाराशे सीसीचं, त्यामुळे जोर दातांतून काढावा लागे. १९५५च्या एमजीएमध्ये ४३ ला १० आले. हिच्या इंजिनाचं भावंड आपल्या अँबॅसेडरमध्येही होतं, १४८९ सीसीचं. १९६२च्या एमजीबीत ४३ ला ११, म्हणजे ३.९. रस्ते रुंद झाले, इंजिनं तगडी झाली, तसतसा आकडा खाली आला. पुढे आठ सिलिंडरच्या एमजीबीत तो ३.०७ वर पोचला. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८०मध्ये बंद पडला, पण कुठल्या वर्षी कसा रस्ता मनात धरून गाडी बांधली, हे तिच्या क्राऊन-पिनियनमध्ये आजही वाचता येतं.

माझगावला महिंद्रांनी जुळवलेल्या सीजे-थ्रीबी जीपचं इंजिन २.२ लिटरचं, म्हणजे एमजीबीच्या १.८ लिटरपेक्षा मोठं. तरीही टॉप गिअरला इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांमागे एमजीबी ताशी सुमारे २९ किलोमीटर जाते आणि ही जीप सुमारे २५. खरा फरक पहिल्या गिअरला कळतो. लो रेंज टाकली की गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल यांचा गुणाकार सदतीसच्या आसपास जातो. तेव्हा हजार फेऱ्यांना जीप ताशी साडेतीन किलोमीटर सरकते, चालत्या माणसाहूनही हळू. पावसाळ्यात लाल चिखलातून, भाताच्या खाचरांकडेने, आजारी माणूस मागच्या बाकावर झोपवून जव्हारच्या रुग्णालयाकडे यायचं असतं तेव्हा हाच संथपणा कामाला येतो. घाट उतरतानाही तेच. गाडी गिअरमध्ये धरून सोडली की इंजिनच तिला आवरतं आणि ब्रेकचे ड्रम तापत नाहीत.

आठाला चाळीस का नाहीत? हिशेब सोपा झाला असता. पण मग क्राऊनच्या प्रत्येक फेऱ्यात तेच दात त्याच दातांना भिडले असते आणि एखाद्या दाताची खोड त्याच्या जोडीदारांनाच खात गेली असती. ४३ आणि ८ यांना सामाईक भाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटून येतो आणि पिनियनच्या ४३ फेऱ्यांनीच जुनी जोडी पुन्हा जमते. झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. यंत्रशास्त्रातली इतकी सुंदर गोष्ट तेलाखाली झाकलेली राहते, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

डिफरन्शियलचं दुसरं काम वळणावरचं. खळ्यावर मळणीला बैल फिरतात, तेव्हा तिवड्यालगतचा थोडं चालतो आणि कडेचा पुष्कळ. गाडीच्या चाकांचंही तसंच. घाटातल्या पूर्ण उलट्या वळणावर जीपचं बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ चार मीटर जास्त धावतं. हा फरक वळण लहान की मोठं यावर ठरत नाही, दोन चाकांतल्या अंतरावर ठरतो. ते अंतर जीपचं आणि एमजीबीचं जवळपास सारखंच, सव्वा मीटर. धावेतला हा फरक डिफरन्शियलच्या आतले लहान गिअर सांभाळतात. गॅरेजात त्यांना स्टार पिनियन म्हणतात. त्यांचा एकच दोष: एक चाक चिखलात मोकळं फिरू लागलं की दुसऱ्याच्या वाट्याला जोर उरत नाही. म्हणून तर पुढच्या चाकांनाही ताकद द्यावी लागते.

क्राऊन-पिनियन बसवणं हे कसबी हाताचं काम. दातांना निळा रंग लावून फिरवायचं, ठसा दाताच्या मधोमध उमटतो का पाहायचं, नाहीतर पातळ शिम घालून-काढून पुन्हा बसवायचं. ठसा कडेला गेला की गाडी घुमते. जाणकार मिस्त्री त्या घुमण्यावरूनच दोष ओळखतो. जोडी घासूनच बनवलेली असते, त्यामुळे एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन हा संसार कधीच टिकत नाही.

आज जुन्या जीप शौकाने सजवल्या जातात आणि हायवेवर पळाव्यात म्हणून त्यांत ३९ ला ८ची, म्हणजे ४.८८ची, जोडी घातली जाते. विलायतेत टीडीवालेही एमजीएचे दात बसवतात. मुंबई-नाशिक महामार्गापुरती गाडी असेल, तर हरकत नाही. पण तेव्हा पुढचा एक्सलही बदला. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ ठेवून फोर-व्हील टाकलीत, तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतील आणि काहीतरी तुटेलच. स्पीडोमीटरही सुमारे दहा टक्के कमी वेग दाखवू लागेल.

जुनी जीप घेणार असाल, तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना अडण लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला. ते हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. पाच फेरे आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त भरलं, तर ४३ ला ८ शाबूत आहेत. मोखाड्याच्या रस्त्यावर राहणार असाल, तर ते तसेच राहू द्या.