खलनायकाची देवराई

मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, रावणाचं सोंग निघतं, तेव्हा संबळ-पिपाणीला जोर चढतो आणि पोरं आईला बिलगतात. मुखवटा उतरला की तोच माणूस दुसऱ्या दिवशी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजायला जातो. सोंग वेगळं आणि ते घेणारा वेगळा, हे जव्हार-मोखाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पडद्यावरचे खलनायक सयाजी शिंदे यांच्याविषयी लिहायला त्यामुळेच ही जागा मला योग्य वाटते. पडद्यावर त्यांनी जितकी माणसं मारली असतील, त्याच्या कितीतरी पट झाडं त्यांनी जमिनीत लावली आहेत.

१३ जानेवारी १९५९ रोजी सातारा तालुक्यातल्या वेळेकामथी गावी शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. मराठी विषय घेऊन बी.ए. केलं, पाटबंधारे खात्यात पहारेकऱ्याची नोकरी केली आणि सोबत एकांकिका. वामन केंद्रे यांनी बसवलेल्या 'झुलवा'ने त्यांना रंगभूमीवर नाव दिलं. पुढे मराठी चित्रपट आले आणि १९९९ मध्ये 'शूल'मधला बच्चू यादव. हा गुंड पुढारी लोकांच्या इतका लक्षात राहिला, की त्यानंतर त्यांच्याकडे बहुतेक तशाच भूमिका येत गेल्या.

पण मला त्यांची सगळ्यात मोठी झेप वाटते ती २००० सालच्या 'भारती' या तमिळ चित्रपटातली. सुब्रमण्य भारती म्हणजे तमिळ माणसाचा देव्हाऱ्यातला कवी. ती भूमिका साताऱ्याच्या, तमिळ न येणाऱ्या नटाकडे गेली आणि त्यानं ती पेलली. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मग तेलुगूत 'ठागूर'पासून खलनायकीची मोठी रांग लागली. हाती पैसा आला, तेव्हा ते निर्मितीत उतरले. २००९ मधला 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' हा नागेश भोसले दिग्दर्शित चित्रपट त्यांनी काढला, तोही शेतकऱ्याच्या जगण्यावर. कमाईसाठी चित्रपट काढणारा माणूस हा विषय निवडत नाही.

झाडांकडे ते वळले ते आईमुळे. आई थकत चालली होती. ती कायमची पुरणार नाही हे त्यांना दिसत होतं. त्यांनी तिला तराजूत बसवलं, दुसऱ्या पारड्यात देशी झाडांच्या बिया घातल्या आणि त्या बिया रुजवायचं ठरवलं. त्यातून 'सह्याद्री देवराई' ही चळवळ वाढली. सातारा, बीड अशा ठिकाणी उजाड माळांवर वड, पिंपळ, उंबर, लिंब लागले. बीडजवळच्या पालवणला वनखात्याच्या डोंगरावर उभ्या राहिलेल्या देवराईत फेब्रुवारी २०२० मध्ये लेखक अरविंद जगताप यांच्या साथीनं वृक्षसंमेलन भरलं. अध्यक्षपदी वडाचं झाड होतं. पुढे त्याच डोंगरावर वणव्यानं झाडं होरपळली. लावणं एका दिवसाचं काम, राखणं वर्षानुवर्षांचं. सह्याद्री देवराईचं खरं मोल राखण्याच्या या कामात आहे असं मी मानतो.

२०२४च्या ऑक्टोबरात ते राष्ट्रवादी काँग्रेसच्या अजित पवार गटात गेले. अनेकांना ते रुचलं नाही. पण २०२५च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायची ठरली, तेव्हा आपला पक्ष सत्तेत असूनही ते तिथे गेले आणि उघड विरोधात बोलले. त्या दिवशी त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला.

तपोवनापासून त्र्यंबकचा घाट उतरला की मोखाडा. इथे देवराया कुणी नव्यानं लावल्या नाहीत, वाघदेवाच्या आणि गावदेवाच्या धाकानं त्या टिकल्या. मोह, हिरडा, बेहडा, ऐन, कुसुम, सावर अजून दिसतात. मोहाची फुलं वेचायला पहाटे बाया जातात. बोहाड्याचे मुखवटे एकेकाळी इथल्याच हलक्या लाकडात कोरले जात, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात. आणि अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर लागतो. कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा धरण मात्र मुंबईची तहान भागवतं. हा अन्याय झाडांच्या गप्पा मारताना विसरता येत नाही.

देवराया इथे आधीच उभ्या असल्यानं सातारा-बीडचा नमुना इथे जसाच्या तसा चालणार नाही. बीडच्या माळावर झाडं नव्हती, तिथे लावावी लागली. जव्हार-मोखाड्यात जे उभं आहे ते राखायचं आहे, आणि राखणारा वारली, कोकणा, कातकरी, ठाकर माणूसच आहे. राबासाठी ऐनाचे टाहाळ तोडणाऱ्याला गुन्हेगार ठरवून जंगल वाचत नाही. फांदी किती तोडायची आणि झाड कधी फुटू द्यायचं, हे त्याला कुठल्याही अधिकाऱ्याहून नीट कळतं. २००६च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वनावर अधिकार दिला आहे. तो सातबाऱ्याइतका पक्का हातात पडला, तर पाड्यातली माणसं फाल्गुनात जाळरेषा काढतील आणि वणवा अडवतील.

सयाजी शिंदे यांच्यासारख्या प्रसिद्ध माणसाचा इथे उपयोग आहे तो आवाजासाठी. त्यांच्या सभेला गर्दी जमते, वृत्तवाहिन्या येतात, मंत्री दखल घेतात. कुसुमाच्या, मोहाच्या, बेहड्याच्या बिया पाड्यावरच्या बचतगटांनी गोळा कराव्यात, त्यांची रोपवाटिका पाड्यातच व्हावी, शासनानं रोपं त्यांच्याकडूनच विकत घ्यावीत आणि तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत जगलेल्या रोपाचेच पैसे मोजावेत, एवढी मागणी त्यांच्या तोंडून गेली तरी जव्हारच्या तहसील कचेरीत रखडलेल्या अर्जांपेक्षा ती लवकर ऐकली जाईल.