टोपाच्या आतली बाजू

जर्मन लष्कराचा अणीदार टोप, म्हणजे पिकेलहाउबे, कुणी विकायला किंवा दाखवायला काढला की त्याच्याबरोबर बहुधा एक गोष्टही येते. पणजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर होते, समोरचा जर्मन अधिकारी पडला आणि त्यांनी त्याच्या डोक्यावरचा टोप काढून आणला. गोष्टीतलं गाव बदलतं, पणजोबांच्या जागी कधी आजोबांचे काका येतात, पण पडणारा मात्र जवळजवळ नेहमी अधिकारीच असतो. एवढे अधिकारी कैसरच्या सैन्यात होते तरी का, असा प्रश्न पडावा. इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांमध्ये असे टोप पिढ्यान् पिढ्या सांभाळलेले आहेत आणि त्यांचा इतिहास शोधून देणारे जाणकारही आहेत. त्यांच्या कामाची पद्धत पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. टोपाची कथा आधी ऐकून कातडं मागून तपासलं की हमखास फसगत होते. कातडं आधी आणि कथा मागून, हाच क्रम टिकतो. शिवाय कातडं जिथे बोलायचं थांबतं तिथे शोधणाऱ्यानंही थांबलं पाहिजे. ही दुसरी अट पाळणं फार थोड्यांना जमतं.

दर्शनी बाजू दिमाखदार असते आणि म्हणूनच फारशी कामाची नसते. प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने 1842 मध्ये हा टोप आपल्या सैन्याला दिला. उकळून कडक केलेलं, साच्यावर बसवलेलं कातडं, वर काळ्या लाखेचे थर, पुढे पितळी बिल्ला आणि माथ्यावर अणी. तोफखान्याच्या टोपावर मात्र काही वर्षांतच अणीऐवजी गोळा आला. पुढे बाकीच्या जर्मन राज्यांनीही तो उचलला. बिल्ल्यावरून राज्य लगेच कळतं: गरुड असला तर प्रशिया, ढाल धरलेले सिंह असले तर बव्हेरिया, ग्रिफिन असला तर बाडेन. पण बिल्ला ही टोपावरची सर्वांत सहज बदलता येणारी वस्तू आहे. म्हणून जाणकार टोप हातात आला की आधी उलटा करतो. मागच्या झापडाची खालची बाजू, अस्तराच्या कातडी पाकळ्या, बिल्ला धरून ठेवणाऱ्या कड्या आणि त्या कड्यांसाठी पाडलेली भोकं, असा तो आतून बाहेर येतो. शंभर वर्षांच्या घामाचा आणि सुकलेल्या कातड्याचा वास याच वेळी नाकात शिरतो, आणि विकणाऱ्याची बडबड सहसा याच वेळी वाढते.

भोकं सगळ्यांत प्रामाणिक. साध्या सैनिकाच्या टोपावर बिल्ल्यामागच्या पितळी कड्या कातड्यातून आत घेऊन पाचर मारलेली असे. प्रत्येक राज्याच्या बिल्ल्याच्या कड्यांचं अंतर सारखं नव्हतं. स्वस्त प्रशियन टोपावर दुर्मीळ राज्याचा बिल्ला चढवायचा तर नवी भोकं पाडावी लागतात आणि जुनी तशीच राहतात. ती बाहेरून बिल्ल्याखाली झाकली जातात. आतून ती झाकायची म्हणजे अस्तर उसवावं लागतं, आणि उसवून शिवलेलं अस्तर लपत नाही. जिथे भोकं जास्त आणि कड्या कमी, तिथे दोन टोपांचा संसार एकत्र मांडलेला आहे असं खुशाल समजावं.

काळ ठरवायचा तर सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे हनुवटीच्या पट्ट्याच्या मुळाशी बसणारी रंगीत चकती. 1897 पर्यंत सैनिक आपल्या राज्याची एकच चकती लावत असे. त्या वर्षी कैसर पहिल्या विल्हेल्मच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं साऱ्या साम्राज्याची काळी-पांढरी-लाल चकती आली, ती उजवीकडे गेली आणि राज्याची डावीकडे आली. तेव्हा फ्रान्सविरुद्धच्या 1870च्या सेडानच्या लढाईतला म्हणून दाखवलेल्या टोपाच्या उजव्या बाजूला ही तिरंगी चकती असेल तर कथेत कुठेतरी सत्तावीस वर्षांची खोट आहे. इथे एक रास्त आक्षेप येतो. सरकारी टोप कोठारात परत जात, दुरुस्त होत, नव्या नियमाप्रमाणे त्यांच्यावर नवे भाग चढत. मग जुन्या टोपावर नवी चकती असली म्हणून तो खोटा कसा? तो खोटा नाहीच. पण सर्वांत जुना भाग टोप कधी जन्मला ते सांगतो आणि सर्वांत नवा भाग तो शेवटचा कधी वापरात होता ते सांगतो. जो टोप 1897 नंतरही कुठल्यातरी बराकीत खुंटीवर होता, तो सेडानच्या रणांगणावरून उचलून कुणी थेट घरी नेला, हे मात्र शक्य नाही. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यानंतरच्या टोपांवर खुणा आणखी दाट होतात. ब्रिटिश नाकेबंदीमुळे दक्षिण अमेरिकेतून येणारं कातडं आटलं, म्हणून नमद्याचे आणि पत्र्याचे टोप निघाले. 1915च्या नमुन्यात पितळ जाऊन राखाडी पोलाद आलं आणि अणी फिरवून काढता येऊ लागली. पुढच्याच वर्षी पोलादी शिरस्त्राण आघाडीवर पोचलं. तोफगोळ्यांच्या कपच्यांपुढे उकळलेल्या कातड्याचा काही उपयोग नव्हता, हे तोवर अनेक डोक्यांनी सिद्ध केलं होतं.

इथे एका आकड्याकडे वळलं पाहिजे: 85,000. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्य ऱ्हाइनकाठच्या कोब्लेन्झमध्ये उतरलं तेव्हा तिथल्या कोठारात न वापरलेल्या अणीदार टोपांचे ढीग होते. 1919च्या वसंतात अमेरिकेत विजय-कर्जरोख्यांची मोहीम निघाली, आणि कोब्लेन्झहून आणलेले 85,000 टोप त्या मोहिमेत बक्षीस म्हणून वाटायचे असं जाहीर झालं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाजवळ तर जर्मन टोपांचा मनोराच उभारला होता. 85,000 हा प्रचारातला आकडा आहे, तेव्हा तो फुगवलेला असेलही. निम्मा धरा. तरीही अमेरिकेतल्या दिवाणखान्यांमध्ये कोठारातून थेट आलेले, कुणाच्याही डोक्यावर न बसलेले हजारो टोप उरतात. रोखे खपवून मिळालेला टोप दोन पिढ्यांत मेलेल्या अधिकाऱ्याच्या डोक्यावरून उतरतो. यात कुणी मुद्दाम खोटं बोललेलं असतं असं नाही, नातवाला सांगताना रोख्यांची हकिकत कंटाळवाणी वाटते, एवढंच. अस्तराच्या पाकळ्या कोऱ्या, पट्ट्याला वळण पडलेलं नाही, आणि कथा मात्र रक्तबंबाळ, असा टोप अमेरिकेत दिसला की 85,000 हा आकडा आठवावा.

खरोखर लुटून आणलेले टोप नव्हतेच असं म्हणणं अर्थातच वेडेपणाचं होईल. ब्रिटिश आणि फ्रेंच सैनिकांना या टोपाचं भारी आकर्षण होतं आणि खंदकांतून तो घरी पाठवल्याचे पुरावे पुष्कळ आहेत. माझा मुद्दा एवढाच की खरी लूट आणि कोठारातलं बक्षीस यांतला फरक कथेवरून कळत नाही, टोपावरून कळू शकतो.

आता शिक्क्यांकडे. आतल्या कातड्यावर किंवा मागच्या झापडाखाली उमटवलेली अक्षरं नीट वाचता आली तर रेजिमेंटचा क्रमांक, बटालियन, कंपनी, आणि ज्या लष्करी कोअरच्या गणवेश-कोठारातून टोप निघाला तिचा रोमन आकडा व वर्ष मिळतं. अकराव्या कोअरचा आकडा असेल तर टोप कासेलकडचा. कधी एकावर एक तीन शिक्के असतात, आधीचा खोडलेला. म्हणजे टोप एका कंपनीकडून दुसरीकडे गेला, आणि प्रत्येक ठिकाणी तो नव्या भरतीच्या पोराच्या डोक्यावर बसला. ग्राहकाला हवा असतो माणूस, आणि शिक्का देतो संस्था. सरकारी टोप कुणा एकाचा नव्हताच. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या टोपात क्वचित नाव सापडतं, आणि अशा टोपांवर सहसा सरकारी शिक्का नसतो. नाव सापडलं तरी पुढची वाट राज्यावर अवलंबून. बव्हेरियन सैनिकांच्या नोंदवह्या म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारात टिकून आहेत. प्रशियन सैन्याचं पोट्सडॅममधलं दप्तर एप्रिल 1945च्या हवाई हल्ल्यात जवळजवळ सगळं जळलं. त्यामुळे सिंहांच्या टोपामागचा माणूस सापडण्याची आशा धरता येते, गरुडाच्या टोपामागच्या माणसासाठी छापील हताहत-याद्यांखेरीज फारसं काही उरलेलं नाही.

शिक्के बनावट असू शकतात, हा आक्षेप खरा आहे, आणि बनावट शिक्का नेहमी महाग पलटणीचाच असतो. सोळाव्या बव्हेरियन राखीव पायदळ रेजिमेंटचं उदाहरण घ्या. हिटलर तिच्यात होता, म्हणून तिचा शिक्का दिसला की किंमत उड्या मारते. पण ऑक्टोबर 1914 मध्ये ही रेजिमेंट बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत उतरली तेव्हा तिच्यासाठी टोप पुरलेच नव्हते. राखाडी कापडानं झाकलेल्या लांडस्टुर्मच्या, म्हणजे वयस्क राखीव दलाच्या, टोप्या घालून ते सैनिक गेले, आणि लांबून ब्रिटिशांसारखे दिसल्यानं त्यांच्यावर आपल्याच बाजूनं गोळीबार झाला. टोप त्यांना मागून मिळाले. ‘पहिल्या लढाईतला’ म्हणून या रेजिमेंटचा टोप कुणी पुढे केला तर शिक्का तपासायचीही गरज नाही.

मग घरच्या आठवणीला काहीच किंमत नाही का? आहे, पण वेगळी. पणजोबा रोखे खपवत होते की खंदकात होते, हे टोप सांगणार नाही. त्यांची सेवा-नोंद, पत्रं, त्या साली ते कुठे होते याचा कागद सांगेल. टोप जर्मन सैन्याचा पुरावा आहे, आणि तो घरी कसा आला याचा पुरावा वेगळा शोधावा लागतो. विकणारे या दोन गोष्टी एक करतात, कारण दोन्ही मिळून किंमत दुप्पट होते.

जर्मनीत किंवा इंग्लंडात राहणाऱ्या मराठी वाचकाला जुन्या बाजारात असा टोप हाती लागला, तर त्यानं बिल्ला पाहण्याआधी मागचं झापड उलटून पाहावं, अस्तर नुकतं शिवलेलं नाही ना ते बघावं, आणि आत पाहू न देणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नये. घरातच असेल तर पितळ घासून चकचकीत करू नका, लाखेवर तेल चोळू नका, अस्तर दुरुस्त करू नका. कथा कुणी, केव्हा सांगितली ते वेगळ्या कागदावर लिहा, आणि तो कागद टोपाच्या आत चिकटवू नका.