पहिली मॅरेथॉन, भाग ७ : घड्याळ असताना वही कशाला?

लाँग रनमध्ये काय खायचं आणि किती पाणी प्यायचं, हे आज सांगणार होतो. ते पुढच्या रविवारी. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पुरी करून एकोणिसावे आलेले बेळगावचे फडेप्पा चौगुले, त्यांच्यावर लिहा असं काहींनी कळवलंय. त्यांच्यासाठी अख्खा लेख राखून ठेवला आहे. आजचा लेख मात्र नाशिकच्या एका शिक्षिकेच्या पत्राने घेतला. मागच्या भागात जाता जाता ‘वहीत लिहीत चला’ असं म्हणालो होतो. त्यावर त्या विचारतात, “सर, मनगटावरचं घड्याळ अंतर, पेस, ठोके, चढ सगळं टिपतं. मग मुलांच्या वह्या तपासून झाल्यावर रात्री आणखी एक वही मी का भरायची?”

ताई, घड्याळ जरूर वापरा. पण असे दोन रविवार डोळ्यांसमोर आणा. दोन्ही दिवशी तुम्ही १६ किलोमीटर पळालात, दोन्ही दिवशी किलोमीटरला सव्वासात मिनिटं. पहिल्या रविवारी घरी येऊन पोहे केलेत, बाजार केलात, संध्याकाळी नाटकाला गेलात. दुसऱ्या रविवारी दुपारभर पडून राहिलात आणि जिना उतरताना कठडा धरावा लागला. घड्याळाच्या यादीत या दोन ओळी जवळजवळ सारख्याच दिसतील. पाय किती चालले हे त्याला कळतं. ते शरीराला केवढ्याला पडलं, हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं, आणि तेही दोन दिवसांत विसरायला होतं.

हे ‘केवढ्याला पडलं’ मोजायचं कसं, यावर स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी आयुष्यभर काम केलं. व्यायाम किती जड वाटला, हे माणसालाच विचारायचं, ही त्यांची पद्धत. त्यांची मोजपट्टी ६पासून २०पर्यंत होती. आकडे विचित्र वाटतात, पण त्यामागे हिशेब आहे: दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाच्या ठोक्यांचा साधारण अंदाज येतो, ६० ते २००. पुढे अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांनी शून्य ते दहाची सोपी पट्टी घेतली आणि तिला मिनिटांनी गुणलं. तासभर पळालात आणि ‘चार’ वाटलं, तर त्या दिवसाचा भार २४०. बस, एवढंच. हा गुणाकार मला फार आवडतो. प्रयोगशाळा लागत नाही, ठोके मोजणारा छातीचा पट्टा लागत नाही, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पेस घसरला तरी हा आकडा तुमच्या बाजूने खरं बोलतो.

एक पथ्य फॉस्टर यांचंच: पळून थांबल्याबरोबर आकडा द्यायचा नाही, अर्ध्या तासाने द्यायचा. शेवटी चढ आला असेल किंवा शेवटचा किलोमीटर जोरात काढला असेल, तर तेवढ्याच रंगाने सगळी धाव रंगते. दुसरं पथ्य माझं: आकडा लिहून झाल्याशिवाय घड्याळ बघू नका. पेस चांगला दिसला की ‘सहा’चे ‘चार’ होतात, हे मी कितीतरी जणांच्या वह्यांमध्ये पाहिलंय.

आता आठवड्याची बेरीज करून बघा. ४५ मिनिटं आणि तीन, ५० मिनिटं आणि चार, ४० मिनिटांचा टेम्पो आणि सहा, रविवारी १३० मिनिटं आणि पाच: एकूण १२२५. पुढच्या आठवड्यात मिनिटं तीच, अंतर तेच. पण शाळेत परीक्षा, झोप पाच तास, म्हणून आकडे अनुक्रमे पाच, पाच, सात, सात. बेरीज १६६५. किलोमीटर एकानेही वाढले नाहीत आणि भार एक तृतीयांशाहून जास्त वाढला. तिसऱ्या आठवड्यात वेळापत्रक सांगतंय म्हणून अंतर वाढवायला गेलात, तर दुखणं दारात आलंच समजा. तेव्हा अंतर कमी करायचं. वेळापत्रक छापणाऱ्याला तुमच्या शाळेची परीक्षा माहीत नसते.

आकड्याशेजारी दोन-तीन ओळी. रात्री झोप कशी झाली, सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी किती होती, कुठले बूट होते. नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, असं सलग दोन-तीन सकाळी दिसलं, तर थकवा साचतोय किंवा ताप येऊ घातलाय, असं धरून चालायचं. आणि दुखलं असेल तर नेमकं कुठे, कितव्या किलोमीटरला, थांबल्यावर राहिलं की गेलं. नुसतं ‘गुडघा दुखला’ याचा पुढे काही उपयोग होत नाही.

आमच्या पुण्यातल्या ग्रुपमधल्या एकाचा उजवा गुडघा बाहेरच्या अंगाला दुखायचा. बूट बदलून झाले, व्यायाम करून झाले. शेवटी त्याची वही घेऊन बसलो. मैदानावरच्या दिवसांत दुखणं नाही, डोंगरावर नाही. एका ठरावीक रस्त्यावर मात्र हमखास. त्या रस्त्यावर तो समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून कायम उजव्या कडेने पळायचा, आणि ते योग्यच होतं. पण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता असतो. म्हणजे दर पावलाला उजवा पाय थोडा खाली. लाँग रन त्याने सपाट जागी हलवली आणि काही आठवड्यांत गुडघा शांत झाला. वहीत रस्त्याचं नाव नसतं, तर हे आम्हाला सापडलंच नसतं.

वहीवाल्यांचा राजा म्हणजे इंग्लंडचा रॉन हिल. व्यवसायाने कापडाचा रसायनतज्ज्ञ. १९७०ची बोस्टन मॅरेथॉन त्याने २ तास १० मिनिटं ३० सेकंदांत जिंकली. डिसेंबर १९६४पासून जानेवारी २०१७पर्यंत, बावन्न वर्षांहून जास्त काळ, तो रोज किमान एक मैल पळला आणि त्याची नोंद ठेवत गेला. त्याच्या नोंदींपुढे मी नतमस्तक आहे. पण रोज पळण्याचा त्याचा हट्ट पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने अजिबात उचलू नये. आपल्याला विश्रांतीचे दिवस हवेत, आणि ते दिवसही वहीत हवेत. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगेही २००३पासून आपला सराव वहीत हाताने लिहितो. त्याच्याकडे यंत्रांची कमतरता असेल असं मला वाटत नाही.

ग्रुपवर टाकण्यासाठी लिहिता ते वेगळं, ही वही वेगळी. चारचौघांसाठी लिहिताना चांगले दिवस पुढे येतात. सूर्योदय येतो, पदक येतं. ते लिहायला माझी हरकत नाही, त्यातून हुरूप मिळतो. पण ‘पाहुणे होते, पळाले नाही’, ‘नवव्या किलोमीटरला चालले, कारण कळलं नाही’ ही वाक्यं तिथे कुणी लिहीत नाही, आणि पुढे तुम्हाला नेमकी तीच लागणार आहेत. म्हणून वही आधी. शंभर पानी, साधी. शनिवारी रात्री बिब-बूट काढून ठेवता तेव्हा दहा मिनिटं मागचा आठवडा वाचायचा. न वाचलेली वही भरण्यात अर्थ नाही.

या रविवारच्या लाँग रनला एक जादा नोंद हवी आहे. निघण्याआधी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर घाम पुसून पुन्हा तसंच करा. वाटेत किती पाणी प्यायलात तेही मिलिलिटरमध्ये लिहा, हवा कशी होती तेही. एक किलो कमी भरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी भरून आलं नाही. वजन वाढलेलं दिसलं, तर गरजेपेक्षा जास्त प्यायलात, आणि ते कमी पिण्याइतकंच गंभीरपणे घ्यायचं असतं. या चार नोंदी हाताशी ठेवा. पुढच्या भागातला पाण्याचा सगळा हिशेब त्यांच्यावरच करायचा आहे.