टाचणी नको, चिठ्ठी हवी

फुलपाखरांच्या संग्रहाची जुनी पेटी उघडली की आपली नजर पंखांवर जाते. अभ्यासकाची जाते ती त्याच टाचणीत खाली टोचलेल्या नखाएवढ्या चिठ्ठीवर: गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. ती हरवली की देखणा नमुनाही भिंतीवरच्या शोभेइतकाच कामाचा उरतो. तारीख का हवी? काही तपकिरी फुलपाखरांच्या पावसाळी पिढीच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके ठळक असतात; कोरड्या ऋतूतली पिढी जवळजवळ वाळक्या पानासारखी. तारीख नसेल तर एकाच जातीच्या दोन जाती करून बसायची वेळ येते. म्हणजे संग्रहाचा जीव चिठ्ठीत आहे, आणि ती लिहायला फुलपाखराचा जीव घ्यावा लागत नाही.

यावर जाणकार दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी की फुलपाखरं जाळीने संपत नाहीत, झाडोरा तोडल्याने संपतात. हे बव्हंशी खरंच आहे. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. पण हौशी माणसाचा जीव अडकतो तो दुर्मीळ फुलपाखरात, आणि एखाद्या डोंगरापुरत्याच उरलेल्या जातीला चार माद्याही जड जातात. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनेक जातींना संरक्षण दिलं आहे. हौस ही काही परवानगी नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. काही छोटी निळी फुलपाखरं फोटोवरून ओळखता येत नाहीत, जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात. मान्य. पण ते काम परवाना असलेल्या संस्थेचं. नमुना सांभाळणंही सोपं नाही: टाचणी छातीच्या बरोबर मध्यातून, पंख वाळेपर्यंत फळीवर ताणलेले, आणि पुढे वर्षानुवर्षं बुरशी आणि किड्यांवर पहारा. कोकणातल्या दमट पावसाळ्यात घरातली पेटी किती टिकणार?

मुंबईत 1883 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली ती हौशी मंडळींच्याच उत्साहावर. त्या काळी दूरवरून पुरावा दाखवायला नमुन्याशिवाय मार्ग नव्हता. आज पंखांच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा एकेक स्पष्ट फोटो, जागा, तारीख आणि अळी कोणतं झाड खाते याची नोंद एवढ्यावर बरंच काम होतं. अळीची नोंद तर पेटीतलं मेलेलं फुलपाखरू कधीच देऊ शकत नाही. तेव्हा अंगणातल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली, तर झटकून टाकू नका. आजची तारीख लिहून ठेवा.