साधनाचे वर्णन आणि चिखलीचा भाव

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटाकडे एखादे साधन सोपविले जाते, तेव्हा त्याचे अंतरंग त्याला दिसत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही मॉडेलपुढे येते ते साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती पुरवावयाची याचा आराखडा. आतील आज्ञावली अदृश्यच राहते. साहजिकच वर्णनात जे अनुक्त, ते एजंट तर्काने भरून काढतो.

समजा, एका साधनाचे वर्णन 'गावाचे नाव दिल्यास सोयाबीनचा भाव मिळतो' एवढेच आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीच्या शेतकऱ्याने भाव विचारला. चिखली पिंपरी-चिंचवडमध्येही आहे आणि गुजरातेत नवसारी जिल्ह्यातही. शिवाय भाव क्विंटलचा की किलोचा, आजचा की मागील व्यवहाराचा? उत्तर मात्र ठामपणेच येणार, आणि त्यावर विसंबून माल गाडीत भरला जाणार.

त्याऐवजी असे लिहावे : 'दिलेल्या तारखेस बाजार समितीत नोंदलेले किमान, कमाल व सर्वसाधारण दर, रुपये प्रतिक्विंटल. जिल्हा, तालुका व बाजार समिती ही तिन्ही आवश्यक. आवक नसल्यास "नोंद नाही" असे कळविते. जुना दर देत नाही. पुढील भावाच्या अंदाजासाठी वापरू नये.' यातील अखेरची दोन वाक्ये आमच्या मते सर्वांत मोलाची, आणि वर्णनकर्ते बहुधा नेमकी तीच गाळतात.

वर्णन सिद्ध झाल्यावर ते साधनाशी अपरिचित अशा मनुष्यास वाचावयास द्यावे व चिखलीचा भाव काढावयास सांगावे. त्याने जो प्रश्न उलट विचारला, त्याचे उत्तर वर्णनात घालावे.